बोअरच्या पाण्यात उकळलेल्या तीन बाटल्या

ये गं पोरी, जवळ सरक. मी कागदावर लिहून राहिले म्हणून काय झालं, वाचताना तरी माझ्याकडं तोंड करून बस. तुझ्यावर मी थोडी रागावलेय, ते आधी सांगून टाकते, म्हणजे मोकळी होईन. दिवाळीला चार दिवस राहते म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरलीस. का, तर लातूरच्या पाण्यानं केसांचा झाडू झाला. परवा फोनवर पुन्हा तेच. "आत्या, तुमच्या किटलीत चुना साचतो गं, पोटात काय साचत असेल?"

पोटात काही साचत नाही. जन्मभर हेच पाणी पिऊन मी तुझ्या बापाला कडेवर घेऊन फिरलेय. पण त्या किटलीतल्या पांढऱ्या थराला नावं ठेवायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस. तो थर नखानं खरवडून, जिभेवर ठेवून, हसत सुटलेली बाई मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलीय. आणि ती काही साधी बाई नव्हती.

आपल्या वरच्या खोलीतल्या मॅडम. तू त्यांना एकदा जिन्यात ओलांडून गेली होतीस. त्या पायरीवर बसून दह्याच्या वाटीत बोट घालत होत्या, आणि तू मला आत येऊन म्हणालीस, "आत्या, भाडेकरू जरा बघून ठेवत जा." तेव्हा मी बोलले नाही. आता सांगते. त्या बोट घालत नव्हत्या. दाबत होत्या.

खोली बघायला आल्या त्या दिवशी मी खरवसाच्या वड्या पाडत बसले होते. शेजारच्या अप्पांची म्हैस व्यायली होती, तिचा चीक. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या. खांद्याला कापडी पिशवी, एक चष्मा डोळ्यावर, दुसरा केसांत खोचलेला. लोक खोली बघायला आले की विचारतात, पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं. मालकीण कटकटी आहे का ते शेजारी जाऊन विचारतात. या बाई सरळ माझ्या ताटापाशी येऊन बसल्या. एका वडीवर बोट टेकवलं, हलकं दाबलं आणि सोडलं.

"एक, दोन. आलं परत," म्हणाल्या. "पाणी सुटलं न्हाई याला?"

"मंद वाफेवर केलं की सुटत नाही," मी म्हणलं. "पण बोट लागलेली वडी आता तुम्हीच खा."

ती खाल्ली. मग आणखी दोन खाल्ल्या. आणि खोली न बघताच राहायला आल्या.

औषधं कशी बनवायची ते शिकवणाऱ्या कॉलेजात त्या शिकवायच्या. मूळच्या देगलूरकडच्या, त्यामुळं मराठीत मधेच तेलुगू यायचं, मधेच कानडी. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाल्या. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्या रागवायच्या, मी तरी मॅडमच म्हणायची.

ते बोट सगळीकडं जायचं बघ. पावाची लादी, इडली, पुरण, शेजारणीच्या नातवाचा गाल. दाबायचं, सोडायचं आणि परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एकदा माझ्या घोट्यावर दाबलं. खळगा पडला, आणि तो काही भरून येईना. मॅडम मोजत राहिल्या. दहापर्यंत गेल्या, बारापर्यंत गेल्या. "अक्का, हे बरं न्हाई. डॉक्टरला दाखवा." मी हसण्यावारी नेत होते. त्यांनी रिक्षा बोलावली आणि मला आत बसवलं. अंगात पाणी साचत होतं माझ्या. रक्तदाबाची गोळी तेव्हा सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. म्हणून म्हणते, त्या बोटाला हसू नको.

ही सवय बापाची. देगलूरला त्यांच्या वडलांचं गुळाचं दुकान होतं. ढेपेत अंगठा रुतवून माल कसा आहे ते सांगायचे. मॅडम त्यांना बापू म्हणायच्या. रोज संध्याकाळी साडेसहाला बापूंचा फोन यायचा, त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू यायचा, आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, जेवणाचा नाही.

"राह्यलं का गं?"

"थिजलं बापू. पण राह्यलं न्हाई."

"बरं. उद्या बघ."

आणि फोन बंद. मला वाटायचं, बापलेकींनी दही लावायची पैज लावलीय की काय.

दुसरं खूळ चिठ्ठ्यांचं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी पट्टी, तिच्यावर नंबर आणि तारीख. लोणच्याच्या बरणीवर पट्टी, खोबरेल तेलावर पट्टी, अप्पांच्या दुधाच्या किटलीवर पट्टी. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, वाचायला शिकले ती वाणसामानाच्या पुड्यांवर, त्यामुळं मला ते आवडायचं, येता-जाता वाचायला काहीतरी. एकदा माझा चष्मा हरवला. सापडला तेव्हा त्याच्या दांडीवर चिठ्ठी होती, 'चष्मा. तिसऱ्यांदा. या वेळी पिठाच्या डब्यात.'

आणि तिसरं, ज्यानं मी खरोखर हैराण व्हायची. बाई कुठलीही बातमी एकदम सांगायच्या नाहीत. एका सोमवारी जिना उतरता उतरता म्हणाल्या, "अक्का, एक बातमी हाय." मी हातातलं ठेवून बसले. "आज एवढंच," आणि गेल्या कॉलेजला. मंगळवारी म्हणाल्या, "चांगली हाय." बुधवारी, "परगावी जायचं हाय." गुरुवारी, "हैदराबादला." शुक्रवारी गाडीत बसून गेल्यासुद्धा. शनिवारी तिकडून फोन, की मोठ्या मोठ्या लोकांपुढं भाषण द्यायला बोलावलं होतं. मी फोनवरच भांडले.

"अहो, पाच दिवस माझं कशात लक्ष नाही. एकदम सांगायला काय होतं?"

"एकदम सांगितलं असतं तर सोमवारी लई आनंद, मंगळवारी थोडा, बुधवारी काहीच न्हाई. आता बघा, शनिवारपतोर पुरला का न्हाई?"

पुरला होता खरा.

त्या काय काम करतात ते मला अप्पांमुळं कळलं. अप्पा म्हणजे शेजारी, दोन म्हशींचं दूध घालतात, कपाळाला भस्म, तोंडाला विश्रांती नाही. एकदा दाराशी उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "म्याडम, तुम्ही त्या बाटल्यांत काय शिजवून राहिल्या वर? वास तर कशाचाच येईना."

मॅडम पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "अप्पा, रानात पाटानं पाणी सोडलं तर काय होतं?"

"एकदम वाहून जातं. दोन दिवसांनी रान कोरडं."

"आन् ठिबक लावलं तर?"

"थेंब थेंब. मुळाला पुरतं."

"औषध आपण पाटानं सोडतो. सकाळी गोळी घेतली की पूर, संध्याकाळी कोरडं. जखमेवर लावलं की दोन तासांत वाहून गेलं. मला जखमेला ठिबक लावायची हाय."

मग सांगितलं ते सगळं. सोयाबीनच्या पेंडीतून प्रोटीन काढायचं, ते पाण्यात कालवून असं थिजवायचं की त्याची बारीक जाळी होते, खरवसासारखी. हायड्रोजेल म्हणतात त्याला. त्या जाळीच्या घरांत औषध बसवायचं, म्हणजे ते सावकाश बाहेर येईल. पण नुसती जाळी ढिली पडते. म्हणून तिच्यात नॅनोकण घालायचे, म्हणजे इतके बारीक कण की आपल्या पिठाचा कण त्यांच्यापुढं धोंडा. ते कण जाळीला आतून बळ देतात. एकदा जखमेत भरलं की सात दिवस पुन्हा हात लावायचा नाही, असं त्यांना करायचं होतं.

"सातच का?" मी विचारलं.

त्याचं कारण बापू. बापूंना साखरेचा आजार, तळपायाला जखम झाली. रोज देगलूरहून नांदेडला एसटीनं यायचं, पट्टी बदलायची, औषध लावायचं आणि परत. रोजच्या त्या धक्क्यांनी जखम भरायच्या ऐवजी चिघळत गेली. शेवटी पाय घोट्यावरून काढला. "आठवड्यातून एक खेप असती तर पाय राह्यला असता, असं मी म्हणत न्हाई," मॅडम म्हणाल्या, "पण राह्यला असता का, हे मला कळलं पायजे."

तेव्हा मला साडेसहाच्या फोनचा अर्थ लागला. "राह्यलं का गं?" म्हणजे ते काय विचारत होते ते.

कॉलेज पाचला बंद व्हायचं. जेलला पाच वाजलेले कळत नाहीत, असं म्हणून त्यांनी अर्धं काम आमच्या वरच्या खोलीत मांडलं होतं. औषधाला उजेड सोसत नाही म्हणून तपकिरी काचेच्या बाटल्या, बारा एका ओळीत. घरी त्या औषधाच्या जागी पिवळा रंग घालायच्या. बाटलीत जेल थिजलं की गोळा काढून साध्या काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात सोडायचा आणि बघत बसायचं. पाणी सावकाश पिवळं झालं तर जिंकलो. आणि व्हायचं काय, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच बाराच्या बारा पेले लिंबू सरबत. गोळ्याला पाणी सुटलेलं, बोट लावलं की फुटायचा. त्यातले कण तळाशी गुठळी करून बसलेले. दोन वर्षं मी हे बघितलं. त्या रोज पेले धुवायच्या आणि म्हणायच्या, "आज एवढंच."

धुवायला पाणी तेवढं वेगळं. बॅटरीत घालतात तसलं, विकतचं. आणि माझ्यासाठी घरात एकच कायदा होता: बाटल्यांना हात लावायचा नाही.

मी लावला.

त्याचं असं झालं, तिसरं वर्ष संपत आलं होतं. कामाला तीन वर्षांची मुदत होती आणि बाहेरगावचे दोन तज्ज्ञ तपासायला येणार होते. सात दिवस टिकणारं जेल दाखवा, नाहीतर काम बंद, वर्गात खडू घेऊन उभं राहा. मॅडम वाळल्या होत्या नुसत्या. अशात दोन दिवस देगलूरला बापूंकडं गेल्या, आणि इकडं भर दुपारी वावटळ आली. वरची खिडकी उघडी. मी धावत गेले तर धुऊन ठेवलेल्या ओळीतल्या शेवटच्या तीन रिकाम्या बाटल्या खाली घरंगळलेल्या, फुटल्या नव्हत्या, पण मातीनं माखलेल्या. आता तूच सांग, लेकराची दुधाची बाटली मातीत पडली तर बाई काय करते? मी खाली आणल्या आणि पातेल्यात बोअरचं पाणी घालून उकळायला ठेवल्या.

तेवढ्यात अप्पा आले. चाकूरच्या बाजारातून म्हैस कशी आणली ते सांगायला लागले. मी दारात, पातेलं गॅसवर. म्हैस चाकूरहून लातूरला पोचेस्तोवर पातेल्यातलं पाणी आटून गेलं. बाटल्यांना आतून-बाहेरून पांढरा थर. बाहेरून मी पुसला. आतून तपकिरी काचेत दिसत नव्हता, म्हणून म्हणलं राहू दे. टोपणं लावली आणि जागच्या जागी ठेवून दिल्या.

मॅडम आल्या, नेहमीसारखं मिश्रण भरलं. दोन दिवसांनी वरून हाक आली, "अक्का." अशी हाक मी कधी ऐकली नव्हती. वर गेले तर नऊ पेले सरबत, आणि शेवटचे तीन जवळजवळ पाण्यासारखे. चौथ्या दिवशी ते तीन जरासे पिवळे. सातव्या दिवशीसुद्धा गोळे शाबूत. मॅडमनी बोट दाबलं, सोडलं, आणि एक म्हणायच्या आत ते परत आलं.

मला वाटलं आता नाचतील. पण त्या घाबरल्या.

"हे तीन का टिकले? बाराही एकाच पातेल्यातलं मिश्रण हाय."

तीन. शेवटचे तीन. पोरी, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, माझ्या घाणेरड्या बाटल्यांमुळं काहीतरी खोटं दिसून राहिलंय, सांगितलं की यांचा आनंद तर जाईलच, वर कायदा मोडला म्हणून खोलीही सोडतील. मी गप्प बसले. मॅडमनी सगळ्या बाटल्या त्यांच्या पद्धतीनं ब्रश घालून, आम्लानं धुऊन पुन्हा भरल्या. बारा सरबत. पुन्हा भरल्या. बारा सरबत. जेवण सुटलं. चिठ्ठ्या लावणं सुटलं. माझा चष्मा दोन दिवस सापडला नाही आणि कुणी शोधलाही नाही.

मग एका संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. त्या जिन्यात बसल्या होत्या, मी खाली तांदूळ निवडत होते.

"तीन राह्यले होते बापू," त्या म्हणाल्या. "पण का राह्यले ते कळंना. पुढच्या महिन्यात ते लोक येतील त्यांना मी सांगणार हाय, माझ्याकडं न्हाई म्हणून."

"राह्यले ना पण?"

"का ते कळलं न्हाई तर राह्यलेच न्हाई समजा. तसलं औषध मी कुणाच्या पायात भरू?"

मॅडमनी फोन ठेवला. मी सुपातले तांदूळ तसेच सोडले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

"मॅडम, त्या तीन मी उकळल्या होत्या," मी म्हणलं. "तुम्ही सांगितलं होतं हात लावू नका. मी लावला."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"कशात उकळल्या?"

"मोठ्या पातेल्यात."

"पाणी कुठलं?"

"आपल्या बोअरचं. आणखी कुठलं?"

उठल्या त्या चपला न घालता स्वयंपाकघरात. किटलीचं झाकण काढलं, आत बघितलं. नखानं थराची एक कपची काढली, जिभेवर ठेवली. मग लिंबू मागितलं. वाटीत कपची टाकून वर लिंबू पिळलं तर ती फसफसायला लागली. आणि बाई हसायला लागल्या. हसत हसत खाली फरशीवर बसल्या, डोळ्यांत पाणी, तरी हसू थांबेना.

"अय्यो अक्का, चुना. माझ्या मिश्रणात एक पावडर हाय, ती सावकाश आंबट होत जाते. जसजशी आंबट होते तसतसा हा चुना विरघळतो, आन् जाळीला एकेक गाठ मारत जातो. दमानं. सगळीकडून सारखा. मी तीन वर्षं परगावचे कण आणून वरून ओतत होते, त्यांच्या गुठळ्या झाल्या. गाठ मारणारा तर घरातच बसला होता."

मग गंभीर झाल्या. "किती वेळ उकळलं?"

"आता ते मी कशाला मोजू? अप्पा बोलत होते तोवर."

"अप्पा किती वेळ बोलले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना बोलावून आणलं. पातेलं तेच, बोअर तोच, पाणी तेवढंच, बारा बाटल्या एकाच वेळी मावेनात म्हणून तीन-तीन करून चार फेऱ्या. मॅडम घड्याळ आणि वही घेऊन बसल्या. अप्पांना दारात त्याच जागी उभं केलं.

"बोला अप्पा. चाकूरची म्हैस."

"ती तर सांगून झाली," अप्पा म्हणाले.

"तीच सांगा. तेवढीच सांगा."

ज्या माणसाला गप्प बसवायला गल्लीतले लोक नवस बोलतील, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. चार मिनिटांत म्हैस चाकूरहून लातूरला आणून बांधली. पातेल्यात पाणी नुसतं कोमट.

"त्या दिवशी यात दलाल होता," मी म्हणलं.

"होता की. होता बिचारा."

मॅडम घड्याळ बघून राहिल्या. शेवटी मीच म्हणलं, "अप्पा, लोक म्हणतात त्या दलालानं तुम्हाला म्हातारी म्हैस गळ्यात घातली."

झालं. "कोन म्हणतं? मला? ताई, तिचे दात मी स्वतः मोजले हाईत," असं सुरू झालं ते म्हशीच्या आजीपर्यंत गेलं. पाणी आटलं, मॅडमनी वेळ लिहून घेतली. पुढच्या तीन फेऱ्यांना त्यांना फक्त दलालाची आठवण करून द्यावी लागली.

बाटल्या भरल्या. सातव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खिडकीपाशी उभे होतो. बारा पेले, बाराही फिकट पिवळे, उन्हाच्या कवडशासारखे. मॅडमनी पहिला गोळा दाबला, दुसरा दाबला. बाराव्यापर्यंत गेल्या. मग त्यांनी फोन उचलला. साडेसहा वाजायला अख्खा दिवस बाकी होता. आणि पोरी, ज्या बाईनं हैदराबादची बातमी पाच दिवस पुरवली, तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. बोअर, चुना, अप्पा, दलाल, बाराच्या बारा. मधे श्वास घेतला नाही. शेवटी म्हणाल्या, "राह्यलं बापू," आणि मग बोलताच येईना, तेव्हा फोन माझ्या हातात दिला. मी पण रडत होते. अप्पांनी घेतला आणि बापूंना चाकूरची म्हैस सांगितली.

पुढं कॉलेजात त्यांनी तेच पद्धतशीर केलं. चुन्याचे नॅनोकण स्वतः बनवले, इतके बारीक आणि सुटे की मिश्रणात सगळीकडं सारखे पसरले. थोडे विरघळून गाठी मारतात, उरलेले जाळीत बसून तिला बळ देतात. आता पातेलं लागत नव्हतं, अप्पाही लागत नव्हते. अप्पांना ते जरा लागलं.

तज्ज्ञ आले त्या दिवशी मॅडमनी मलाही कॉलेजात नेलं. मी इरकल नेसले होते, मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. त्यांनी टेबलावर सगळी कागदपत्रं मांडली, आठवड्याचे पेले मांडले, आणि मधोमध आपली किटली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांतले एक गृहस्थ पेन्सिलीनं गोळा टोचायला गेले. मॅडम म्हणाल्या, "सर, बोटानं दाबा. आन् मोजा." त्यांनी दाबला. मोजायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा दाबला. मग दुसऱ्यांना म्हणाले, "तुम्ही दाबून बघा."

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, हे तुम्ही लेखात कसं लिहिणार?"

"जसं झालं तसं."

"म्हणजे घरमालकिणीनं बाटल्या चुकून उकळल्या असं?"

"चुकून न्हाई सर," मॅडम म्हणाल्या. "काळजीनं."

मागं बसून मी पदरानं चष्मा पुसत राहिले. मुदत वाढली. वाढली म्हणजे कशी, जास्तीची माणसं मिळाली, यंत्रं मिळाली, आणि उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर पुढचं काम ठरलं. सगळ्या परवानग्या झाल्यावर पहिल्या काही जनावरांत चाकूरची म्हैस होती, खुराला जखम झालेली. एकदा भरलं, सात दिवस कुणी हात लावला नाही. अप्पा सातही दिवस गोठ्याच्या दारात बसून होते, माशीला आत सोडत नव्हते. आठव्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं तर आत गुलाबी कोवळं मांस धरलं होतं. म्हैस आता चारी पाय टेकून उभी राहते, आणि तिला म्हातारी म्हणायची कुणाची छाती नाही. माणसांपर्यंत पोचायला अजून काही वर्षं लागतील, मॅडम तसं स्पष्ट सांगतात. "आज एवढंच," म्हणतात. पण आता ते म्हणताना हसतात.

बापू आले होते मधे. लाकडी पाय लावून, काठी टेकत, देगलूरहून इथपर्यंत. खुर्चीत बसले आणि हात पुढं केला. मॅडमनी सात दिवस झालेला गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. बापूंनी अंगठा रुतवला, ढेपेत रुतवावा तसा, आणि उचलला. बघत राहिले. मॅडम आठ वर्षांच्या पोरीसारख्या त्यांच्या तोंडाकडं बघून राहिल्या होत्या.

"माल चांगला हाय," बापू म्हणाले.

त्या दिवशी साडेसहा वाजले तेव्हा मॅडमचा हात सवयीनं फोनकडं गेला. मग समोर बापू बसलेले दिसले, तेव्हा मागं घेतला.

आता मॅडम नांदेडला असतात, मोठ्या प्रयोगशाळेत. वरची खोली मी कुणाला दिली नाही. किटलीवर त्यांनी लावलेली पट्टी अजून आहे, 'घासू नये'. महिन्यातल्या एका रविवारी बापूंना घेऊन येतात, माझा घोटा दाबून बघतात, मोजतात आणि जातात.

तेव्हा पोरी, राग सोडला मी, तूही सोड. केसांना तेल लावून देईन, पाण्याचं काही चालायचं नाही त्यापुढं. खोली झाडून ठेवलीय. चाकूरची म्हैस याच महिन्यात व्यायची आहे, आणि मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय की वड्या पाडताना मला बोलवा. बाकी सगळं मी तुझ्यासाठी ठेवीन गं, पण चीक काही सात दिवस राहत नाही. लवकर ये.